शंकासुराचा पाचवा साक्षीदार

१

माझा भाऊ गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा डबा गेला. भावाला हृदयाने नेलं, त्यात कोणाला शंका नव्हती. डबा कोणी नेला, हा प्रश्न होता.

डबा म्हणजे कॉम्प्युटरचा काळा डबा, बुटांच्या खोक्याएवढा. तो भावाच्या खोलीत टेबलाखाली असायचा. त्यात त्याची सगळी कमाई होती. पैसे नव्हेत, कात्रणं, टिपणं, नकाशे, जुनी पुस्तकं, आयुष्यभर गोळा केलेलं. तो एका प्रकाशन संस्थेत हस्तलिखितं तपासायचा. शुद्धलेखन नाही, खरंखोटं. लेखकाने लिहिलं की राजाने पौर्णिमेला किल्ला सोडला, तर हा त्या रात्री आकाशात चंद्र होता का ते बघायचा. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणायचे. घरातही म्हणायचे, फक्त हळू आवाजात.

मी त्याची थोरली बहीण. विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात माझा जन्म गेला. लोक स्वतःच्या गोदामाला स्वतः काडी लावतात आणि माझ्यासमोर बसून ढसाढसा रडतात. त्या नोकरीने माझा स्वभाव बिघडला असं घरचे म्हणतात. खोटं आहे. तो आधीपासूनच असा होता.

भावजयीला सोबत म्हणून मी तिच्याकडे राहायला आले, तर संपादकांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. संपादक म्हणजेच संस्थेचे मालक. सदरा कडक इस्त्रीचा आणि बोलणंही तसंच.

"ताई, डबा संस्थेच्या पैशाने घेतलेला आहे," ते म्हणाले. "आमचा पुढचा ग्रंथ त्यात अडकलाय. मी न्यायला माणूस पाठवला, तर वहिनी म्हणाल्या, डबा गेला. कुलूप शाबूत. दुसरी किल्ली एकाच माणसाकडे."

तो एक माणूस म्हणजे भावजयीचा भाचा. त्याला सगळे पाना म्हणतात, कारण लहानपणी हाती पाना आला की तो घरातलं काहीही उघडून ठेवायचा. भावाला मूलबाळ नव्हतं. पाना त्यांच्याकडेच वाढला. आता त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जुने डबे घेतो आणि विकतो.

"सोमवारी मी पोलिसांत तक्रार देणार," संपादक म्हणाले. "त्याआधी तुम्ही काही करू शकलात तर बघा."

तक्रार झाली की पानाचं दुकान बसलं. चोर म्हणून नाव झालेल्या माणसाच्या हातात आपला कॉम्प्युटर कोण देणार? भावजयीला तक्रारीचं काही कळू द्यायचं नाही, असं पाना आणि मी फोनवर ठरवलं. ती आधीच निम्मी झाली होती.

मी ऑफिसातल्या भावाच्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर डीटीपीवाल्या बाई होत्या. त्यांनी आणि भावाने एकमेकांच्या शेजारी बसून केस पांढरे केले होते.

"शंकासुरांचा ब्राउझर बघायचाय?" बाई म्हणाल्या. "वर पत्त्याच्या पट्टीत श टाइप करा, एक जागा सोडा, मग हवं ते विचारा."

"श म्हणजे?"

"शंका. त्यांनी तसं बसवून घेतलंय. एकदा विचारलं की पाच टॅब उघडतात. चार निरनिराळी सर्च इंजिनं. ते म्हणायचे, एकट्या साक्षीदारावर माणसाला फाशी देत नाहीत, मग वाक्य कसं छापायचं?"

"आणि पाचवा?"

"पाचवा त्यांचा स्वतःचा डबा. बाकीचे चौघे एकमेकांच्या पाट्या बघून लिहितात, असा त्यांना संशय होता." बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते गेल्यापासून पाचवा टॅब कोराच येतो. पोहोचता येत नाही, एवढंच म्हणतो. मी रोज एकदा बघते. कशाला ते विचारू नका."

मी विचारलं नाही. श दाबलं आणि चेष्टेने टाइप केलं, डबा कुठे आहे.

चार टॅब उघडले. चौघांनी जेवणाच्या डब्यांच्या जाहिराती दाखवल्या. मग पाचवा उघडला. तो कोरा नव्हता. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, माझ्या भावाच्या नेहमीच्या भाषेत लिहिलं होतं:

काही सापडलं नाही. शंका शिल्लक ठेवली आहे.

डीटीपीवाल्या बाईंनी माझा हात धरला.

२

मी भुतंखेतं मानत नाही. जळालेल्या घरांमधून एकटी हिंडलेली बाई आहे मी. पण त्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले, हे खरं.

सरळ पानाचं दुकान गाठलं. आत उघडे पडलेले कॉम्प्युटर, वायरी, स्क्रूंनी भरलेल्या वाट्या. पानाने एका स्टुलावरचा पसारा खाली ढकलून मला बसायला दिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आत्या, जेवलात का?"

"जेवणाचं राहू दे. तुझ्या काकाचा डबा बोलतोय."

तो चमकला नाही. हे मी नोंदवून ठेवलं.

"म्हणजे कोणीतरी चालू केलाय," तो म्हणाला. "डबा चालू असला आणि इंटरनेटच्या लाइनीला जोडलेला असला की उत्तर देतो. ऑफिसातून विचारा, इथून विचारा. बंद असला की टॅब कोरा."

"कुठे आहे ते कळत नाही?"

"चालू आहे, एवढं नक्की." त्याने एक स्क्रू उचलला, वाटीत टाकला. "ठेवणाऱ्यालाच ठाऊक."

"तू नेलास का?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंयस?"

"काका गेलेत, आत्या. आणि मावशीकडे जायला पाय उचलत नाही. संपादक तिच्यासमोर मला नको ते बोलले. ती एका शब्दाने काही बोलली नाही. मान खाली घालून बसली."

त्याचा आवाज चिरकला. मी पाणी मागितलं, म्हणजे त्याला तोंड फिरवायला निमित्त मिळालं.

मग त्याने माझा लॅपटॉप मागून घेतला आणि माझ्याही ब्राउझरमध्ये भावाची व्यवस्था बसवून दिली. सेटिंगमध्ये सर्च इंजिनांच्या जागी तो पत्ते भरत गेला आणि प्रत्येकाला एक अक्षर नेमून देत गेला.

"हे श. पाचही जणांना एकदम विचारायला. आणि हे उ."

"उ कशाला?"

"उरलेल्या शंका. डब्याला उत्तर सापडलं नाही तर तो प्रश्न जपून ठेवतो, तारीख-वेळेसकट. काका नंतर त्यांच्या मागे लागायचे. उ टाका, जागा सोडा, एखादा शब्द टाका. तो शब्द असलेली उरलेली शंका वर येते. हे अक्षर काका आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. बाकी सगळे फक्त श वापरतात."

मी तिथेच उ टाकून डबा असं टाइप केलं. ऑफिसातला माझा प्रश्न समोर आला, त्या सकाळच्या तारखेसह. चोराने जर डब्याला काही विचारलं असेल आणि उत्तर सापडलं नसेल, तर त्याचा प्रश्नही असाच आत पडून असणार. मात्र त्यातला एक तरी शब्द मला माहीत हवा.

शब्द माहीत नसेल तर तो आपणच चोराच्या तोंडी द्यावा. हे मला आगीच्या दाव्यांनी शिकवलंय.

"पाना," मी उठता उठता म्हटलं, "काका शेवटी शेवटी कुठल्यातरी पेंढा भरलेल्या पोपटाबद्दल बोलत होता. तुला काही म्हणाला होता का?"

पोपटबिपट काही नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"नाही," पाना म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "तुम्ही पण ना, आत्या."

घरी आले. दाराला भावाची किल्ली लावली, तर आतून बारीक गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. भाऊ वाचताना असाच गुणगुणायचा, सूर ना ताल. किल्ली फिरली आणि गुणगुण थांबली.

३

"कसला आवाज होता गं?" मी विचारलं.

"घर म्हटलं की आवाज येतातच, वन्सं," भावजय म्हणाली. ती शिवणयंत्राजवळ उभी होती. हातात कापड नव्हतं. "चहा टाकू?"

त्या घरात मला नीट झोप लागत नव्हती. त्याचा चष्मा टेबलावर होता, चपला दाराशी होत्या. मला त्याची फार आठवण यायची, आणि ती आली की मला रडू येण्याऐवजी राग यायचा. माझ्या आधी जायचं काय अडलं होतं याला?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन उरलेली पेरणी केली. संपादकांना म्हटलं, तो एका दीपगृहावर काहीतरी दडवून लिहीत होता म्हणे. त्यांच्या भुवया वर गेल्या. डीटीपीवाल्या बाईंना म्हटलं, त्याने मला काचेच्या डोळ्यांबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाई गं," आणि पुन्हा कामाला लागल्या. ज्याच्याकडे डबा असेल तो विचारल्याशिवाय राहणार नाही. या धंद्यातल्या माणसाला शंका पचत नाही.

मग मी वाट बघत बसले, आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली.

घरी बसून विचारलं की पाचवा टॅब कोरा. सकाळी कोरा, संध्याकाळी कोरा. ऑफिसात गेले की जिवंत. पानाच्या दुकानात गेले की जिवंत. एक दिवस सर्दीने घरीच पडून राहिले, दिवसभर कोरा. डीटीपीवाल्या बाईंना फोन केला, तर त्यांच्याकडेही कोरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडले आणि रस्त्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला, तर लगेच उत्तर:

काही सापडलं नाही. शंका शिल्लक ठेवली आहे.

भाऊ मला टाळत होता. मी त्याच्या घरात असले की तोंड उघडत नव्हता, मी बाहेर पडले की बोलायला लागत होता. लहानपणी माझ्याशी भांडला की असाच करायचा. मी त्या बाकावर बसून मोठ्याने म्हटलं, "काय हवंय तुला?" रस्त्याने जाणारा एक माणूस दचकून बाजूने गेला.

मग मी स्वतःलाच दटावलं. भूत नाही, भूत असतं तर त्याला वीज लागली नसती. पानाने सांगितलं होतं, डबा कोणीतरी चालू करतं तेव्हाच बोलतो. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की माझ्या येण्याजाण्यावर पाळत कोण ठेवतं?

उ टाकून दीपगृह विचारलं. काही नाही. काचेचा डोळा विचारला. काही नाही. पोपट विचारला. काही नाही.

तिन्ही सापळे रिकामे. संपादक आणि बाई तर मी घरात आहे की रस्त्यातल्या बाकावर, हे कळायच्या जागी नव्हतेच. पाना त्या घरात पाऊल टाकत नव्हता. मी घरातून कधी निघाले आणि कधी परतले, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि तिच्यासाठी मी सापळा लावलाच नव्हता.

की लावला होता? सर्दीच्या आदल्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सहज म्हटलं होतं, "लहानपणी त्याने कासव पाळलं होतं, ठाऊक आहे? त्याचं नाव काय ठेवलं होतं, काही केल्या आठवत नाही." भावजय म्हणाली होती, "मला कधी बोलले नाहीत." बस, एवढंच.

उ, जागा, कासव.

टॅब उघडला. अहो, कासवाचं नाव काय होतं? खाली त्याच दुपारची वेळ.

४

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अख्ख्या गावाला मी प्रदक्षिणा घातली आणि डबा होता त्याच घरात.

मी पानाला दुकानातून उठवलं. "चल, मावशीकडे."

तो काही न विचारता शटर ओढायला लागला. तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"त्या डब्याला घरच्या लाइनीचा पत्ता मीच दिला होता, आत्या. दुसऱ्या लाइनीवरून तो बोललाच नसता." कुलूप लावता लावता तो थांबला. "दुपारी ती त्याच्याशी बोलते. तेवढाच तिचा आधार. मी कसा काढून घेऊ?"

"आणि सोमवारी पोलीस आले असते तर?"

"सोमवार अजून आला नाही."

"मग मला ते उ कशाला शिकवलंस?"

"मी सांगितलं तर चुगली झाली असती. तुम्ही शोधलंत, तो तपास झाला."

असा हा मुलगा. त्याला दोन थोबाडीत द्याव्यात की जवळ घ्यावं, ते मला कळेना. शेवटी त्याच्या हातातली पिशवी तेवढी मी घेतली.

दाराशी तीच गुणगुण ऐकू आली आणि किल्ली फिरताच थांबली. या वेळी मी सरळ शिवणयंत्राकडे गेले. ते पूर्वी खिडकीशी असायचं, उजेडात. आता इंटरनेटची वायर येते त्या काळोख्या कोपऱ्यात होतं. मला हे आल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी म्हटलं होतं, असेल. काळोखात शिवायला कोण बसतं? मी यंत्रावरचं लाकडी झाकण उचललं. यंत्र नव्हतंच. त्याच्या जागी काळा डबा होता. वर हात ठेवला, तर अजून गरम होता.

भावजय मोबाइल पदराखाली धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग दारात उभ्या असलेल्या पानाकडे.

"त्यांचा माणूस न्यायलाच आला होता, वन्सं," ती म्हणाली. "यांची चिता नीट विझलीही नव्हती, आणि तो म्हणतो, डबा द्या. माझ्या तोंडून निघून गेलं, गेला म्हणून. मग संपादक याला बोलले. मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर डबा गेला असता. मी गप्प बसले. याच्याकडे वर मान करून बघवेना मला."

"मावशी, राहू दे," पाना म्हणाला.

"ते याच्यावर उद्या चोरीची तक्रार देणार आहेत," मी म्हटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

ती मटकन खाली बसली. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुला त्रास नको म्हणून. आणि तू सांगितलं नाहीस ते याला त्रास नको म्हणून नव्हे, एवढाच फरक," मी म्हणाले. जरा जास्तच लागेल असं बोलले, पण बोलले.

पाना तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिने त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ नुसतीच त्याच्या बोटांवरचं काळं ग्रीस पदराने पुसत राहिली. ते पुसलं जात नव्हतं.

५

"काय विचारायचीस गं त्याला?" मी नंतर विचारलं.

"काहीबाही. पूर्वी मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे, हे आतून सांगायचे, थांब, बघून सांगतो. मोबाइलवर श मला यांनीच घालून दिलं होतं." ती अडखळली. "आणि एक गोष्ट रोज विचारायचे. रोज तेच उत्तर यायचं. काही सापडलं नाही."

"कुठली गोष्ट?"

तिने सांगायला वेळ घेतला. ज्या दिवशी भाऊ ऑफिसात कोसळला त्या सकाळी त्यांचं वाजलं होतं. निघताना त्याने विचारलं, गॅस बंद आहे ना? ती म्हणाली, आहे. तरी हा चपला काढून आत जाऊन बघून आला. आयुष्यभर हेच. दार लावलं का, लावलं. तरी ओढून बघायचं. दूध तापवलं का, तापवलं; तरी भांड्याला हात लावायचा. त्या दिवशी तिचा बांध फुटला. म्हणाली, इतक्या वर्षांत माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवलात का? तो काही न बोलता गेला. परत आला नाही.

"तेच विचारते मी," भावजय म्हणाली. "माझ्यावर विश्वास होता का. यांच्या सगळ्या कात्रणांत, टिपणांत शोधून डबा सांगतो, काही सापडलं नाही."

बाईने रोज दुपारी स्वतःला ही शिक्षा करून घेतली होती.

पण माझा भाऊ मला ठाऊक होता. अशी शंका डोक्यात घालून दिल्यावर ती तशीच ठेवून देणारा तो माणूस नव्हता. ऑफिसात पोचल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल?

"पाना, डबा चालू कर," मी म्हटलं.

गुणगुण सुरू झाली. मी लॅपटॉप भावजयीच्या मांडीवर ठेवला. "श नाही. उ टाक. उरलेल्या शंका. आता गॅस टाइप कर."

तिने एका बोटाने टाइप केलं. एकच शंका वर आली. तारीख त्याच दिवसाची, वेळ सकाळची, ऑफिस उघडतं तेव्हाची. तिला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून पानाने वाचून दाखवलं.

"ही म्हणाली गॅस बंद आहे. तरी पाहून आलो. बंदच होता. इतक्या वर्षांत हिचं बोलणं एकदा तरी खोटं निघालं आहे का?"

वेडा माझा भाऊ. हा प्रश्न त्याने पाचही साक्षीदारांना विचारला होता. त्या चौघांनी काय उत्तर दिलं असेल देव जाणे, पण पाचव्याने, ज्याच्यात त्याचा सगळा जन्म भरलेला होता, त्याने शोधून दिलेलं उत्तर खाली होतं. ते पानाला वाचवेना. मी वाचलं.

"काही सापडलं नाही."

भावजयीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते आधी समजलं नाही, दोन्ही होतं.

"आता एक सापडलं की," ती डोळे पुसत म्हणाली. "मी म्हणाले ना, डबा गेला, ते."

"ते काका गेल्यानंतरचं," पाना म्हणाला. "धरायचं नाही."

संपादकांना मी फोन केला. डबा सापडला, घरातच होता, ग्रंथाची प्रत उद्या मिळेल, आणि पानाची माफी तुम्ही घरी येऊन मागायची, असं सांगितलं. ते डब्याच्या मालकीबद्दल काही बोलायला लागले. मी म्हटलं, नव्या डब्याचे पैसे पाठवते, हा इथेच राहील. मग त्यांनी फारसं ताणलं नाही.

यंत्र पुन्हा झाकणाखाली बसवून खिडकीशी नेलं. डबा टेबलाखाली त्याच्या जागी गेला. पाना जेवायला राहिला. ताटं वाढून झाली, आम्ही तिघं बसलो आणि पहिला घास घेता घेता त्याने सवयीने विचारलं, "मावशी, गॅस बंद केलास ना?"

"केला," भावजय म्हणाली.

कोणी उठून बघायला गेलं नाही.